तोडणकरबाईंचा हात

तोडणकरबाईंच्या दारात उभं राहून कुणी नुसतं "आहात का?" विचारलं तरी आतून उत्तर यायचं, "आहे, चहा ठेवलाय." ठेवलेला नसायचा. पण विचारणारा चपला काढेपर्यंत गॅस पेटलेला असायचा. कांदिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत मीटर बघायला आलेल्या माणसाने चहा घेतलाय, कुरिअरवाल्याने घेतलाय, आणि गळक्या पाइपावरून भांडायला आलेल्या खालच्या मजल्यावरच्या बाईनेही घेतलाय. ती तर भांडण अर्धवट राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि पुन्हा घेऊन गेली.

हे मी चहाचं कौतुक म्हणून सांगत नाही. बाईंबद्दल काहीही सांगायला बसले की मला आधी त्यांचा चहा आठवतो, आणि त्या चहाशी मी काय केलं ते आठवतं. मग बाकीचं सांगणं कठीण होऊन बसतं. पण आज सांगायचं ठरवलंय.

अंधेरीच्या आमच्या विमा ऑफिसात मी लागले तेव्हा बाई तिथे वीसेक वर्षं जुन्या होत्या. खेळाडूंच्या कोट्यातून लागलेल्या. खेळ कॅरम. लालबागच्या चाळीत जिन्याखाली पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून बघत बघत शिकलेल्या. वडील गिरणीत होते. मुलीने बाप्यांत बसून खेळायचं नाही म्हणून आईने एकदा स्ट्रायकर चुलीत टाकला होता, तर बाईंनी महिनाभर बांगडीच्या तुकड्याने सराव केला. ही गोष्ट त्या दर वेळी थोडी वेगळी सांगत. कधी बांगडी असे, कधी बाटलीचं बूच.

माझी त्यांची ओळख झाली ती स्टेपलरच्या पिनेमुळे. माझ्या टेबलावर पडलेली वाकडी पिन त्यांनी जाता जाता उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी मारून उडवली. ती पिन समोरच्या साहेबांच्या टेबलाला वळसा घालून कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडली. मी आ वासून बघत राहिले. "नवीन गो तू?" त्या म्हणाल्या. "च्या घेतलंस?"

एरवी बाई आपल्या मुंबईच्या मराठीत बोलायच्या. फार आनंद झाला किंवा फार राग आला की मालवणी बाहेर पडायची. त्यामुळे त्या आनंदात आहेत की रागात हे नवीन माणसाला कळायचं नाही आणि मोठी गंमत व्हायची.

दिवसाला आठ-नऊ वेळा चहा. कँटीनचा नाही. टेबलाच्या खालच्या खणात त्यांचा पावडरीचा डबा, आलं किसायची छोटी किसणी आणि विजेची किटली असायची. किटली ऑफिसच्या नियमात बसत नव्हती, पण नियम सांगायला येणाऱ्यालाही चहा मिळायचा. स्टीलचा छोटा पेला, कडक आणि गोड. स्पर्धेच्या दिवशी दोन बोर्डांच्या, म्हणजे डावांच्या, मध्ये थर्मासमधून दोन घोट घेतल्याशिवाय त्यांनी कधी स्ट्रायकर उचलला नाही.

त्या हाताची किती निगा! उजव्या हातात अंगठी नाही, बांगडी नाही, मधल्या बोटाचं नख रोज सकाळी घासलेलं. भांडी डाव्या हाताने घासत असतील असा मला संशय होता आणि तो खरा निघाला. एकदा ऑफिसचे क्रीडासचिव, सहा फुटी आणि तोंडाळ माणूस, म्हणाले, "बायकांचा कॅरम म्हणजे काय, दुपारचा टाइमपास." बाईंनी जेवणाच्या सुट्टीत बोर्ड मांडला, त्यांना बसवलं, ब्रेक स्वतः घेतला, आणि नऊच्या नऊ सोंगट्या राणीसकट खिशांत घालून उठल्या. सचिवांना स्ट्रायकरला बोट लावायची पाळीच आली नाही. "बसा हं," बाई म्हणाल्या, "दमला असाल. चहा टाकते."

मला त्यांनीच शिकवलं. पाच वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत. शिकवताना ओरडायच्या नाहीत, पण अवघड फटका मारायला गेले की माझा हात धरून बाजूला करायच्या. "समोर दिसतेय ती घाल आधी. शायनिंग नको." मग दुहेरीत त्या आणि मी अशी जोडी झाली. खरं सांगायचं तर जोडी कसली, त्या जिंकायच्या आणि मी त्यांच्या समोर बसायचे. तरीही विभागाची अजिंक्यपदाची ट्रॉफी आम्हाला कधी मिळाली नव्हती. दोनदा अंतिम सामन्यात हरलो होतो, दोन्ही वेळा ठाण्याच्या जोडीकडून.

त्या ट्रॉफीची मला फार हाव होती. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मी स्वतःला सांगत असे की हे सगळं बाईंसाठी चाललंय.

बाईंची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. म्हणजे ती शेवटची स्पर्धा. पुढचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये चार बोर्ड टाकायचे आणि आजूबाजूच्या मुलींना शिकवायचं. दोन बोर्ड तर आधीच घेऊन कपाटामागे उभे करून ठेवले होते. पण त्यांची एक अटही होती, साऱ्या ऑफिसला तोंडपाठ असलेली: "खिशाच्या तोंडाशी पडलेली सरळ सोंगटी ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी स्ट्रायकर ठेवला. खेळणं बंद, शिकवणंही बंद. स्वतःचा हात गेला तर दुसऱ्याच्या हाताला काय धरायचं?"

आणि त्याच सुमारास मी त्यांच्या बशीचा आवाज ऐकला. चहाचा पेला बशीवर ठेवताना किणकिण झाली. एकदा, मग आठवड्याने पुन्हा एकदा. एवढंच. पण मी पडले वाचणारी. मोबाईलवर जे दिसेल ते वाचायचं आणि चारचौघांत सांगायचं हा माझा जुना रोग. नेमबाज आणि तिरंदाज स्पर्धेआधी चहा-कॉफी टाळतात, त्याने हात थरथरतो, असं कुठेसं वाचलं होतं. मी लगेच बाईंना सांगितलं.

बाई पोट धरून हसल्या. "अगं, चहाने हात थरथरला असता तर अख्ख्या मुंबईच्या सह्या चुकल्या असत्या!"

"बाई, खरंच. निदान स्पर्धेचे तीन दिवस सोडा ना."

"तुझो तो मोबाईल जाळ आधी," त्या म्हणाल्या आणि पेला पुढे केला. "घे. गप पी."

इथे मी थांबायला हवं होतं.

स्पर्धा मुलुंडला होती, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. शुक्रवार, शनिवार, रविवार. कांदिवलीहून रोज इतक्या लांब यायचं म्हणजे दमणूक, म्हणून मीच बाईंना म्हटलं, आमच्याकडेच राहा. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग गुरुवारी संध्याकाळी कपड्यांची पिशवी, थर्मास आणि आंबोळीचं पीठ घेऊन आल्या. पावडरीचा डबाही आणत होत्या. "आमच्याकडे काय चहा नाही का?" असं मीच फोनवर म्हटलं होतं. तेही उगाच नाही म्हटलं.

मी ऑनलाइन एक पाकीट मागवून ठेवलं होतं. चहाच, पण त्यातलं कॅफिन काढून टाकलेलं. उत्तेजना देणारा भाग नसलेला चहा. दिसायला तसाच, वास बराचसा तसाच, चव थोडी मेलेली. ती मारायला मी दुप्पट आलं, वेलची आणि साखर घालायचे. ओट्यावरच्या फळीवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले होते. निळ्या झाकणाचा आमचा, लाल झाकणाचा बाईंचा. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, ताकीद दिली होती की चहा फक्त मी करणार. तो म्हणाला, "हे बरोबर नाही हां वर्षा. सांगून कर." मी म्हटलं, जिंकल्यावर सांगीन, त्याच हसतील.

गुरुवारी संध्याकाळी पहिला कप दिला. बाई एक घोट घेऊन क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "छान केलंस गो." आणि सगळा प्यायल्या.

शुक्रवारी दोन्ही सामने सहज जिंकलो. बशी वाजली नाही. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. शनिवारी दुपारपासून बाईंचं डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी कुणी दाबून धरावं तसं, म्हणाल्या. उपांत्य सामना त्यांनी डोळे बारीक करून खेळला, तरी जिंकला. एरवी न बोलणाऱ्या बाई एका पंचावर खेकसल्या. संध्याकाळी घरी आल्यावर सोफ्यावर आडव्या झाल्या आणि मी त्यांच्या कपाळाला बाम चोळून दिला. "ऊन लागलं असेल," मी म्हटलं. "असेल," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "एक कप चहा दे. तेवढ्यानं उतरेल."

मी लाल झाकणाच्या डब्यातला चहा करून दिला. उतरलं नाही.

रविवारची सकाळ मला जशीच्या तशी दिसते. बाई खिडकीशी बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, रात्री झोप नाही. मी ओट्याशी उभी. पाणी उकळत होतं. माझा हात निळ्या झाकणाकडे गेला. डोक्यात आलंच होतं माझ्या. मला काही माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. नीट कळत नव्हतं, पण कुठेतरी वाटत होतं की हे चहाचंच असणार. मग वाटलं, दोन दिवस हात किती स्थिर आहे. आज शेवटच्या दिवशी कशाला बदल? आणि तो हात मी उचलून लाल झाकणावर ठेवला.

अंतिम सामना पुन्हा ठाण्याच्या जोडीशीच. पहिला गेम त्या जिंकल्या, दुसरा आम्ही. तिसऱ्यात शेवटच्या बोर्डापर्यंत ओढाताण झाली. राणी आमच्याकडे आली होती. आमची एकच पांढरी सोंगटी उरली होती आणि ती बाईंच्या उजव्या हाताच्या खिशाच्या अगदी तोंडाशी पडलेली. ठाण्याच्या दोन काळ्या शिल्लक. स्ट्रायकर बाईंकडे. ठाण्याच्या दोघींपैकी एकीने तर खुर्ची मागे सरकवून उठायची तयारी केली होती.

बाईंनी थर्मासमधून दोन घोट घेतले. स्ट्रायकर लावला. कपाळ एकदा दाबलं. आणि मारला.

सोंगटी हललीही नाही. स्ट्रायकर शेजारून गेला, कडेला आपटला आणि परत आला. ठाण्याच्या बाईने आपल्या दोन काळ्या एकामागून एक घातल्या. मी समोर बसले होते, बाईंचा चेहरा बघत. त्या सोंगटीकडे बघत होत्या, हरलेल्या माणसासारख्या नाही, घरात कुणी आजारी आहे असं डॉक्टरने सांगितल्यावर माणूस बघतं तशा.

मग उठून दोघींशी हात मिळवला, पंचांची माफी मागितली, आणि बाहेर आल्यावर आपला स्ट्रायकर माझ्या पर्समध्ये टाकला. "तुला ठेव."

"बाई, एक फटका चुकला हो."

"तोच चुकायचा नव्हता," त्या म्हणाल्या. "वय झालं गं. बरं झालं, सगळ्यांसमोर कळलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. रिक्षात सांगायला हवं होतं. त्यांच्या पिशवीत आंबोळीच्या पिठाचा रिकामा डबा धुऊन ठेवताना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पोचल्यावर फोन करा." त्यांनी केला. घरी जाऊन चहा घेतला, झोपले, आता डोकं बरं आहे म्हणाल्या.

निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी त्यांना शिकवणीबद्दल विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "छे, ते सोडलं." कपाटामागचे बोर्ड तिथेच राहिले. मी सणावारी फोन करायचे, भेटायला मात्र जायचं टाळायचे. त्यांचा स्ट्रायकर मी शोकेसमध्ये ठेवला होता. त्याने मी एकदाही खेळले नाही. खेळणंच हळूहळू सुटलं.

तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी मिलिंदला कावीळ झाली. त्याचा चहा एकदम बंद केला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो डोकं धरून बसला. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं दुखतंय म्हणाला, चिडचिड करायला लागला. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सहज म्हणाले, "दिवसाला पाच-सहा चहा घेणारा माणूस, एकदम सोडलात ना? डोकं धरणारच. लक्ष लागत नाही, हातपाय गळल्यासारखे होतात. थोडे दिवस जातील." मिलिंदने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला लागलं.

त्यानंतरही मला कांदिवलीला जायला आठ महिने लागले.

दार उघडताच बाई म्हणाल्या, "अगो! ये ये. चहा ठेवते." खरंच आनंद झाला होता त्यांना. केस पूर्ण पांढरे झालेले, बाकी तशाच. आत गेल्या, आलं किसल्याचा वास आला, गॅस बारीक करून बाहेर येऊन बसल्या. "बोल. किती बारीक झालीस."

मी पर्समधून स्ट्रायकर काढून टीपॉयवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पाकीट, लाल झाकण, रविवारची सकाळ, निळ्या झाकणावरून उचललेला हात. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडले. आत चहा उतू जायला लागला तेव्हा बाई उठल्या, गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"बेचव होता तो चहा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुलुंडचं पाणी. पाहुणी म्हणून आले होते, म्हणून बोलले नाही."

मी मान खाली घातली.

"माझं डोकं फुटत होतं. तू बाम चोळत बसलेलीस. चोळताना काही वाटलं नाही तुला?"



त्या उठल्या. कपाटामागून एक बोर्ड ओढून काढला. मी मदतीला उठले, तर हातानेच बस म्हणाल्या. बोर्डाला गुंडाळलेली चादर सोडली. पलंगावर तो टेकवला, कपाटातली अंगाला लावायची पावडर त्यावर टाकली आणि तळव्याने पसरली. उजव्या खिशाच्या तोंडाशी एक पांढरी सोंगटी ठेवली. ती जागा त्या विसरल्या नव्हत्या. टीपॉयवरचा स्ट्रायकर उचलून पदराला पुसला.

पहिला फटका चुकला. तीन वर्षं बोट हललं नव्हतं. त्यांनी सोंगटी पुन्हा होती तिथेच ठेवली.

दुसरा गेला. तिसरा गेला. मग त्यांनी सोंगटी थोडी लांब ठेवली, मग समोरच्या कडेला, मग अशा ठिकाणी की जिथून मी कधी मारायचा विचारही केला नसता. प्रत्येक वेळी ती टक वाजून जाळीत पडत होती आणि बाई वाकून ती पुन्हा काढत होत्या. त्यांचं नख वाढलेलं होतं. हात थरथरत नव्हता.

"हात बरो होतो गो माझो," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, हाताकडे बघून. ती मालवणी आनंदाची की रागाची, हे इतक्या वर्षांनी मलाही कळलं नाही.

"बाई..."

"तू ये आता."

मी चपला घातल्या. दार ओढून घेताना आत पाहिलं. बाई बोर्डवर वाकलेल्या होत्या, डोळा सोंगटीवर, मधलं बोट ताणलेलं. त्यांच्या मागे, ओट्यावर, दोन माणसांचा चहा पातेल्यात तसाच होता आणि त्यावर साय धरली होती.